शिफारशीपेक्षा पातळ इंजिन तेलाचा वापर

मोटारीच्या उत्पादकाने मालक-पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीहून कमी श्यानतेचे वंगण तेल इंजिनात घालणे, याला शिफारशीपेक्षा पातळ इंजिन तेलाचा वापर असे म्हणता येते. उदाहरणार्थ, ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० श्रेणीचे तेल सुचवले आहे त्यात ०डब्ल्यू-२० श्रेणीचे तेल वापरणे. इंधनाची बचत, थंड इंजिन सहज सुरू होणे, अपेक्षित श्रेणी बाजारात न मिळणे किंवा गॅरेजमध्ये पिंपातील एकच तेल सर्व गाड्यांना घातले जाणे, ही त्याची सर्वसाधारण कारणे आहेत.

तेलाचा पातळपणा हा स्वतःहून गुण किंवा दोष ठरत नाही. इंजिनाची रचना, तेलाचे प्रत्यक्ष तापमान, इंजिनावरील भार आणि फेऱ्यांचा वेग यांच्याशी तेलाची श्यानता जुळते की नाही, यावर सारे अवलंबून असते. जे तेल एका इंजिनाला पूर्णतः योग्य आहे, तेच दुसऱ्या इंजिनात काही परिस्थितींत झीज वाढवू शकते. श्रेणी बदलल्याने मिळणारी इंधनाची बचत थोडी असते. जुळणी चुकल्यास होणारे नुकसान मात्र इंजिन उघडण्यापर्यंत जाऊ शकते.

## श्यानता आणि श्रेणी

द्रवाचा वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता. बोलभाषेत तिला दाटपणा किंवा घट्टपणा म्हणतात. काकवी आणि पाणी यांच्या वाहण्यात जो फरक दिसतो तो श्यानतेचा असतो. तेलाची श्यानता तापमानाबरोबर वेगाने बदलते. ५डब्ल्यू-३० श्रेणीच्या सामान्य तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला सुमारे ६० सेंटिस्टोक असते, तर १०० अंशांना ती सुमारे १० ते ११ सेंटिस्टोकवर येते. म्हणजे केवळ ६० अंशांच्या फरकाने तेल जवळजवळ सहापट पातळ होते.

इंजिन तेलाच्या श्रेणी अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनियर्स या संस्थेने ठरवलेल्या आहेत. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने तेलांचे श्यानतेनुसार पहिले वर्गीकरण १९११ मध्ये केले. आज हे वर्गीकरण 'जे३००' या मानकाने ओळखले जाते. १९५० च्या दशकात बहुश्रेणी तेले बाजारात आली आणि डब्यावर दोन आकडे छापले जाऊ लागले.

या दोन आकड्यांचे अर्थ वेगळे आहेत. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या 'विंटर' या शब्दाचे आद्याक्षर आहे. वजनाशी त्याचा संबंध नाही. त्यामागचा आकडा कडक थंडीत इंजिन फिरवताना तेल किती अडथळा करते ते सांगतो. त्यासाठीची चाचणी ०डब्ल्यू तेलावर उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यूवर उणे ३० अंशांना, १०डब्ल्यूवर उणे २५ अंशांना, १५डब्ल्यूवर उणे २० अंशांना आणि २०डब्ल्यूवर उणे १५ अंशांना घेतात. दुसरा आकडा गरम इंजिनातील श्यानता सांगतो. त्यासाठी दोन मोजमापे करतात. पहिले १०० अंश सेल्सिअसला तेल गुरुत्वाकर्षणाने वाहत असताना केले जाते. दुसरे १५० अंशांना, तेलाचा थर अतिशय वेगाने घासला जात असताना केले जाते. त्याला उच्च तापमान–उच्च कर्तन श्यानता असे म्हणतात. बेअरिंगमधील परिस्थिती या दुसऱ्या चाचणीशी अधिक मिळतीजुळती असल्याने इंजिनाच्या संरक्षणाचा विचार करताना तिला विशेष महत्त्व आहे.

| श्रेणी | १०० अंशांना श्यानता (सेंटिस्टोक) | उच्च तापमान–उच्च कर्तन श्यानता, किमान (मिलिपास्कल-सेकंद) |
|---|---|---|
| ८ | ४.० ते ६.१ | १.७ |
| १२ | ५.० ते ७.१ | २.० |
| १६ | ६.१ ते ८.२ | २.३ |
| २० | ६.९ ते ९.३ | २.६ |
| ३० | ९.३ ते १२.५ | २.९ |
| ४० | १२.५ ते १६.३ | ३.५ किंवा ३.७ |
| ५० | १६.३ ते २१.९ | ३.७ |

४० श्रेणीची ०डब्ल्यू, ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू तेले ३.५ ची मर्यादा पाळतात. १५डब्ल्यू-४० आणि त्याहून दाट तेलांसाठी ती ३.७ आहे. १६ ही श्रेणी २०१३ मध्ये, तर १२ आणि ८ या श्रेणी २०१५ मध्ये मानकात समाविष्ट झाल्या.

यावरून 'पातळ तेल' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करता येतात. ५डब्ल्यू-३० ऐवजी ०डब्ल्यू-३० वापरल्यास तेल थंडीत अधिक प्रवाही असते, पण गरम इंजिनातील त्याच्या श्यानतेच्या मर्यादा त्याच राहतात. ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-२० वापरल्यास मात्र गरम इंजिनातील तेलाचा थर खरोखरच पातळ होतो. या लेखातील विवेचन प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

## तेलाच्या थराचे कार्य

इंजिनातील क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा सुस्थितीत धातू धातूला टेकत नाही. फिरणारा दंड आपल्याबरोबर तेल ओढत नेतो, ते पाचरीसारख्या निमुळत्या फटीत शिरते आणि तेथे निर्माण होणारा दाब दंडाला उचलून धरतो. ब्रिटिश अभियंता बोशाँप टॉवर याने १८८३ मध्ये रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना हा दाब प्रथम ओळखला. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागले. छिद्राला बूच मारले तर तेही बाहेर ढकलले गेले. ऑस्बर्न रेनल्ड्झ याने १८८६ मध्ये या घटनेचे गणिती स्पष्टीकरण दिले. या प्रकारच्या वंगणाला द्रवगतिकीय वंगण असे म्हणतात.

थराची जाडी तीन गोष्टींवर ठरते. श्यानता आणि फेऱ्यांचा वेग वाढला की थर जाड होतो. भार वाढला की तो पातळ होतो. जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून घर्षणाचा आलेख पुढे आला आणि तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. या आलेखाचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात थर पूर्ण असतो आणि घर्षण केवळ तेलाच्या दाटपणामुळे होते. येथे तेल पातळ केल्यास घर्षण कमी होते. दुसऱ्या भागात थर इतका पातळ होतो की पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचवटे एकमेकांना अधूनमधून स्पर्श करतात. याला मिश्र वंगण म्हणतात. तिसऱ्या भागात भार मुख्यत्वे धातूच्या उंचवट्यांवरच येतो. हे सीमावर्ती वंगण होय. आलेखाचा सर्वांत खालचा बिंदू, म्हणजे किमान घर्षणाची स्थिती, मिश्र वंगण सुरू होते त्याच्या आसपास असते.

पातळ तेलाचा लाभ आणि त्याचा धोका हे दोन्ही या एकाच आलेखातून समजतात. किमान बिंदूकडे सरकताना इंधन वाचते. तो बिंदू ओलांडला की घर्षण पुन्हा वाढते आणि झीजही सुरू होते. म्हणून एका मर्यादेपलीकडे तेल पातळ केल्यास इंधनाची बचतही होत नाही आणि इंजिनाचे संरक्षणही होत नाही.

इंजिनाचे सर्व भाग एकाच प्रकारच्या वंगणात चालत नाहीत. क्रँकशाफ्टची बेअरिंगे बहुतेक वेळ पूर्ण थरावर चालतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या वरच्या टोकाला क्षणभर थांबतात तेव्हा तेथे थर टिकत नाही. कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवरही मिश्र किंवा सीमावर्ती वंगण असते. अशा ठिकाणी झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेटसारखी झीजरोधक समावेशके धातूवर संरक्षक लेप तयार करतात. ही समावेशके थराची उणीव काही प्रमाणात भरून काढतात; परंतु जी बेअरिंगे पूर्ण थरावर चालावीत म्हणून योजलेली आहेत, त्यांच्यासाठी ती थराची जागा घेऊ शकत नाहीत.

## पातळ तेलाकडे झालेली वाटचाल

उत्पादकांनी पातळ तेलांकडे वळण्यामागे इंधनक्षमतेचे सरकारी नियम हे मोठे कारण आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने उत्पादकाच्या सर्व मोटारींची मिळून सरासरी इंधनक्षमता मोजण्याची पद्धत सुरू झाली. भारतात अशाच प्रकारचे नियम २०१७-१८ पासून लागू झाले आणि २०२२-२३ पासून ते अधिक कडक करण्यात आले. लाखो गाड्यांची सरासरी काढताना एका टक्क्याचा फरकही उत्पादकाला मोलाचा असतो. एकट्या मोटारमालकाच्या हिशेबात तोच फरक किरकोळ ठरू शकतो.

फोर्ड आणि होंडा या कंपन्यांनी २००१ च्या सुमारास अमेरिकेतील आपल्या अनेक मोटारींसाठी ५डब्ल्यू-२० तेलाची शिफारस केली. त्यानंतर ०डब्ल्यू-२० सर्वत्र रूढ झाले. अमेरिकेतील २०१८ च्या टोयोटा कॅमरीच्या २.५ लिटर इंजिनासाठी ०डब्ल्यू-१६ ठरवण्यात आले. जपानमध्ये २०१९ मध्ये ०डब्ल्यू-८ यांसारख्या तेलांसाठी 'जीएलव्ही-१' हे मानक तयार झाले.

ही वाटचाल केवळ तेल बदलून झालेली नाही. पातळ तेलासाठी योजलेल्या इंजिनांत पृष्ठभाग अधिक गुळगुळीत केलेले असतात. बेअरिंगांवर बहुवारिकाचा लेप दिलेला असू शकतो. कॅमवर घासणाऱ्या भागांऐवजी फिरणारे रोलर बसवतात. तेलाचा पंप आवश्यक तेवढा प्रवाह देईल असा निवडतात, आणि अनेक इंजिनांत गरजेप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करणारा पंप असतो. उंचवटे जितके लहान तितका पातळ थर पुरेसा होतो. म्हणून एखाद्या नव्या इंजिनात ०डब्ल्यू-१६ व्यवस्थित चालते, यावरून ते जुन्या इंजिनातही चालेल असा निष्कर्ष काढता येत नाही.

## एक श्रेणी खाली उतरण्याचा अर्थ

तेलाच्या एका श्रेणीचा फरक तापमानाच्या भाषेत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. ३० श्रेणीचे सामान्य तेल ११० अंश सेल्सिअसला जितके पातळ होते, साधारण तितकेच पातळ २० श्रेणीचे तेल १०० अंशांना असते. म्हणजे एक श्रेणी खाली उतरणे हे तेल सुमारे १० अंश अधिक तापल्यासारखे आहे. सपाट रस्त्यावर, हलक्या भाराने आणि मध्यम वेगाने जाणाऱ्या मोटारीत तेल ९० ते १०० अंशांच्या आसपास राहते. तेथे हा फरक सहज पचतो. तेल आधीच १२० अंशांवर गेले असेल, तर तेवढ्याच फरकाने संरक्षणाची उरलेली मर्यादा आणखी कमी होते.

यामुळे शिफारशीपेक्षा पातळ तेल वापरणाऱ्या अनेकांना दीर्घकाळ काहीही त्रास जाणवत नाही. त्यांचे इंजिन त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. मात्र 'आजवर काही झाले नाही' हा अनुभव पुढील परिस्थितींसाठी पुरावा ठरत नाही.

'''घाटातील चढण.''' पूर्ण भरलेली मोटार वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर चढण चढत असते, तेव्हा भार सर्वाधिक आणि वेग कमी असतो. थर पातळ करणारी ही दोन्ही कारणे एकत्र येतात. सह्याद्रीतील घाटांत, उन्हाळ्यात, वातानुकूलन यंत्र चालू ठेवून चालणाऱ्या गाड्यांना हे विशेष लागू पडते. योग्य वेळी खालचा गिअर घेतल्याने फेऱ्या वाढतात आणि थरही सुधारतो.

'''सतत वेगवान प्रवास.''' द्रुतगती मार्गावर दीर्घकाळ अतिवेगाने गेल्यास तेलाचे तापमान वाढते. तेल थंड करणारा स्वतंत्र कूलर नसलेल्या इंजिनांत ही वाढ अधिक असते.

'''टर्बोचार्जर.''' टर्बोचार्जरचा दंड अतिशय वेगाने फिरतो आणि त्याच्या बेअरिंगमधील तेल तीव्र उष्णतेला सामोरे जाते.

'''इंधनाची भेसळ.''' थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांत, विशेषतः छोट्या अंतराच्या फेऱ्यांत, थोडे पेट्रोल तेलात मिसळते. त्यामुळे तेल वापरात आणखी पातळ होते. आधीच एक श्रेणी खालचे तेल घातले असेल, तर ते प्रत्यक्षात त्याहूनही खालच्या श्रेणीत जाऊ शकते. डिझेल इंजिनांत काजळी गाळणाऱ्या फिल्टरच्या स्वच्छतेसाठी जादा इंधन फवारले जाते, तेव्हाही असेच घडते.

'''कर्तनामुळे होणारी घट.''' बहुश्रेणी तेलांत श्यानता टिकवण्यासाठी लांब रेणूंची बहुवारिके घालतात. हे रेणू यांत्रिक ताणाने हळूहळू तुटतात आणि तेलाची गरम श्यानता उतरत जाते.

## संभाव्य लाभ

पातळ तेलाचे लाभ खरे आहेत, पण मर्यादित आहेत. गरम श्यानतेची एक श्रेणी उतरल्याने होणारी इंधनाची बचत साधारणतः एक-दोन टक्क्यांच्या घरात असते. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी आणि लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार ८०० लिटर पेट्रोल वापरते. एक टक्का बचत म्हणजे ८ लिटर. पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरला, तर वर्षाला ८०० रुपये वाचतात. बेअरिंग किंवा टर्बोचार्जर बदलण्याच्या खर्चापुढे ही रक्कम अल्प आहे.

थंड इंजिन सुरू झाल्यावर पातळ तेल लवकर सर्वत्र पोहोचते, हा दुसरा लाभ. लेह किंवा द्रास यांसारख्या ठिकाणी, तसेच कॅनडासारख्या देशांतील हिवाळ्यात त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या हवामानात उणे २० अंशांपर्यंत तापमान जात नाही, त्यामुळे तेथे १५डब्ल्यू तेलही इंजिन सुरू होण्यात सहसा अडथळा करत नाही. तरीही प्रत्येक थंड सुरुवातीला सर्व तेले गरजेपेक्षा दाटच असतात. ४० अंशांना ०डब्ल्यू-२० तेलाची श्यानता सुमारे ४५ सेंटिस्टोक असते. १०० अंशांना १५डब्ल्यू-४० तेलाची ती सुमारे १४ असते. म्हणजे नुकत्याच सुरू केलेल्या इंजिनातील पातळ तेलसुद्धा गरम इंजिनातील घट्ट तेलापेक्षा तिपटीने दाट असते. हा लाभ हवा असल्यास पहिला आकडा कमी असलेले, पण दुसरा आकडा शिफारशीइतकाच असलेले तेल घेणे पुरेसे ठरते.

## संभाव्य दुष्परिणाम

बेअरिंग, कॅम आणि टायमिंग चेन यांची झीज वाढणे हा मुख्य दुष्परिणाम आहे. ही झीज सावकाश होते आणि तिचे कारण मागाहून सिद्ध करणे कठीण असते.

तेलाचा दाब उतरणे हा दुसरा परिणाम. गरम इंजिन मंद गतीने चालू असताना, विशेषतः बेअरिंगमधील फटी वापराने वाढलेल्या जुन्या इंजिनात, पातळ तेल सहज निसटते आणि दाब कमी होतो. आधुनिक इंजिनांत वाल्वांची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतात. दाब अपुरा पडल्यास त्यांच्या कामात बिघाड होऊ शकतो किंवा खडखडाट ऐकू येतो. डॅशबोर्डवरील तेलाचा लाल दिवा दाब फारच खाली गेल्यावर पेटतो. तो पेटला नाही, यावरून थर पुरेसा आहे असे सिद्ध होत नाही.

तेलाचा खप वाढणे हा तिसरा परिणाम. पातळ तेल पिस्टनच्या रिंगांमधून अधिक प्रमाणात वर जाऊ शकते. हलक्या आधार-तेलांचे बाष्पीभवनही अधिक होते. बाष्पीभवनाची चाचणी २५० अंश सेल्सिअसला एक तास घेतात; अमेरिका-जपानमधील प्रचलित मानकांत या चाचणीतील घटीची कमाल मर्यादा १५ टक्के आहे. खप वाढला आणि डिपस्टिक तपासली गेली नाही, तर पातळी खाली जाऊन खरा धोका निर्माण होतो. पातळ तेल सुस्थितीतील सीलमधून गळती निर्माण करत नाही. परंतु आधीच झिजलेल्या सीलमधून ते अधिक वेगाने झिरपते.

## उत्पादकांच्या भूमिका

एकाच कुळातील इंजिनाला वापराप्रमाणे वेगळे तेल सुचवल्याचे ठळक उदाहरण फोर्ड मस्टँगचे आहे. २०१२ च्या सुमारास नेहमीच्या मस्टँग जीटीच्या ५ लिटर इंजिनासाठी ५डब्ल्यू-२० तेल होते. त्याच कुळातील इंजिन असलेल्या, शर्यतीच्या मार्गावर चालवता येईल अशा बॉस ३०२ या आवृत्तीसाठी कंपनीने ५डब्ल्यू-५० ठरवले. तेल अधिक तापणार आणि भार वाढणार, हे गृहीत धरून केलेला हा बदल होता.

फोक्सवॅगनच्या '५०८ ००' या मानकाचे ०डब्ल्यू-२० तेल केवळ त्यासाठी मान्यता दिलेल्या इंजिनांतच वापरायचे असते. '५०४ ००' हे मानक असलेल्या आधीच्या इंजिनांना उच्च तापमान–उच्च कर्तन श्यानता किमान ३.५ असलेले तेल लागते. '५०८ ००' तेलाची ती त्याहून बरीच कमी असते.

अवजड डिझेल वाहनांच्या बाबतीत अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०१६ मध्ये 'सीके-४' आणि 'एफए-४' असे दोन वर्ग एकाच वेळी लागू केले. सीके-४ तेलांची उच्च तापमान–उच्च कर्तन श्यानता किमान ३.५, तर एफए-४ तेलांची २.९ ते ३.२ असते. सीके-४ जुन्या इंजिनांतही चालते. एफए-४ मात्र उत्पादकाच्या स्पष्ट संमतीशिवाय वापरू नये, असे ठरले आणि त्याचे चिन्ह वेगळे दिसेल अशी व्यवस्था करण्यात आली. २०२० मध्ये आलेल्या 'जीएफ-६' मानकातही ०डब्ल्यू-१६ तेलांना 'जीएफ-६बी' हा स्वतंत्र वर्ग आणि ढालीच्या आकाराचे वेगळे चिन्ह दिले गेले. पातळ तेल चुकून जुन्या इंजिनात जाऊ नये, हाच दोन्ही ठिकाणी हेतू होता.

## दुचाकी वाहने

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल लागते. गिअरच्या दात्यांमध्ये तेलातील लांब रेणू अधिक वेगाने तुटतात, त्यामुळे तेल लवकर पातळ होते. शिवाय इंधन वाचवणाऱ्या मोटारींच्या तेलांत घर्षण कमी करणारी समावेशके असतात. ती तेलात बुडालेल्या क्लचला घसरवू शकतात. यासाठी जपानी मानकातील 'एमए' वर्गाची तेले मोटारसायकलींसाठी वापरतात. मोटारीचे ०डब्ल्यू-२० तेल मोटारसायकलीत घालणे म्हणूनच दुहेरी चूक ठरते.

## प्रचलित गैरसमज

सिंथेटिक तेल म्हणजे पातळ तेल, असा एक समज आहे. सिंथेटिक हा शब्द आधार-तेलाच्या प्रकाराविषयी आहे, श्रेणीविषयी नाही. ५डब्ल्यू-५० तेलही सिंथेटिक असू शकते.

तेल जितके घट्ट तितके संरक्षण अधिक, हा उलट बाजूचा समज आहे. शिफारशीपेक्षा फार घट्ट तेल थंड सुरुवातीला उशिरा पोहोचते, इंधन अधिक खर्च करते आणि दाब वाढवून प्रवाह कमी करू शकते. जुन्या इंजिनात घट्ट तेल घातल्याने खप कमी झालेला दिसतो, पण झिजलेले भाग त्यामुळे दुरुस्त होत नाहीत.

डब्यावरील श्रेणी जुळली की काम संपले, हाही समज अपुरा आहे. श्रेणीबरोबर अमेरिकन, युरोपीय किंवा उत्पादकाचे स्वतःचे गुणवत्ता-मानकही जुळावे लागते. दोन ५डब्ल्यू-३० तेलांची उच्च तापमान–उच्च कर्तन श्यानता वेगळी असू शकते: युरोपीय 'सी२' वर्गात ती किमान २.९, तर 'सी३' वर्गात किमान ३.५ असते.

## शिफारशीचे वाचन

मालक-पुस्तिकेत अनेकदा एकच श्रेणी नसून बाहेरील तापमानानुसार दोन-तीन श्रेणींचा तक्ता असतो. त्यातील सर्वांत पातळ श्रेणी निवडणे म्हणजे शिफारशीपेक्षा पातळ तेल वापरणे नव्हे. एकाच नावाच्या मोटारीची पेट्रोल, डिझेल आणि टर्बो इंजिने वेगवेगळी तेले मागतात. देशागणिकही शिफारस बदलते. म्हणून त्या देशातील, त्या वर्षाची आणि त्या इंजिनाची पुस्तिका प्रमाण मानली जाते. शिफारशीबाहेरील तेलामुळे झालेला बिघाड उत्पादकाच्या हमीच्या अटींतून सामान्यतः वगळलेला असतो. सर्व्हिसिंगच्या बिलावर तेलाची श्रेणी आणि मानक नोंदलेले असणे पुढे वाद उद्भवल्यास मालकाच्या हिताचे असते.

चुकून एक श्रेणी पातळ तेल घातले गेल्यास इंजिन तत्काळ निकामी होते असे नाही. योग्य तेल मिळेपर्यंत भार आणि वेग मर्यादित ठेवणे, डिपस्टिकवरील पातळी तपासत राहणे आणि तेल शक्य तितक्या लवकर बदलणे हा त्यावरील सर्वसाधारण उपाय आहे. दोन किंवा अधिक श्रेणींचा फरक असल्यास, तसेच टर्बोचार्जर असलेल्या किंवा ओझे ओढणाऱ्या वाहनात, बदल लांबणीवर टाकणे श्रेयस्कर नसते. प्रवासात तेलाची पातळी किमान खुणेखाली गेली आणि नेमकी श्रेणी उपलब्ध नसेल, तर इंजिन अपुऱ्या तेलावर चालवण्यापेक्षा जवळच्या श्रेणीचे पातळ तेल घालून पातळी राखणे अधिक सुरक्षित असते. पातळ तेलात थराची जाडी घटते. तेल संपत आल्यावर पंप हवा ओढू लागतो आणि थरच नाहीसा होतो.